बूढापाऱ्यातलं ताट

मी हॉटेलात जेवल्यावर ताट उचलत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. साठ वर्षांवर होऊन गेली, कधी उचललं नाही. पंगतीत नाही, रेल्वेच्या कँटीनमध्ये नाही. साहेबाच्या मुलीच्या लग्नात सगळे लोक आपापली प्लेट घेऊन त्या निळ्या टबाकडे चालले होते, तेव्हा मी माझी खुर्चीवर ठेवली आणि हात धुवायला गेलो. मागून कोणीतरी म्हणालं, "म्हातारा अकडू दिसतो." असेल.

मागच्या हिवाळ्यात उजव्या डोळ्याचं ऑपरेशन करायला पोराकडे रायपूरला गेलो. पोरगा तिथे सरकारी कचेरीत आहे, समता कॉलनीत भाड्यानं राहतो. डोळ्याचा डॉक्टर त्याच्या घरापासून हाकेच्या अंतरावर, म्हणून तिथेच करायचं ठरलं. ऑपरेशन अर्ध्या तासात झालं. काळा चष्मा दिला, थेंबांच्या दोन बाटल्या दिल्या आणि दहा दिवस इथेच थांबा म्हणाले.

दहा दिवस थांबायला माझी ना नव्हती. पण पोरगा आणि सून दोघंही सकाळी साडेनऊला घराबाहेर पडतात. सून चांगली आहे. माझ्यासाठी डबे भरून फ्रिजात ठेवायची, गरम करायच्या मशीनचं कोणतं बटण दाबायचं ते दोनदा दाखवलं. मी तिला म्हटलं, "बाई, मी फ्रिजातलं खात नाही." तिला वाईट वाटलं. पण माझंही ऐका. मी रेल्वेत चावीवाला होतो. म्हणजे खांद्यावर हातोडा टाकून रोज ठरलेला रूळ पायी चालायचा आणि रूळ धरून ठेवणारी लोखंडी चावी ढिली दिसली की ठोकून घट्ट करायची. पस्तीस वर्षं खडीवर बसून डब्यातलं थंड खाल्लं. रिटायर झालो त्या दिवशी बायकोला सांगितलं, आता मरेपर्यंत चुलीवरून उतरलेलंच खाईन. तिनं ते पाळलं. तिला जाऊन तीन वर्षं झाली. आता माझा मीच रांधतो. एक भाजी, भात, बस. पण गरम.

तर पहिल्याच दुपारी कुलूप लावलं आणि ई-रिक्षा थांबवली. त्याला म्हटलं, "भैया, जिथे जुनी वस्ती असेल, जिथे घरचं जेवायला भेटेल, तिथे सोडून दे."

तो म्हणाला, "बूढापारा छोड़ देता हूँ बाबूजी, तालाब के पास."

पारा म्हणजे त्यांच्याकडे मोहल्ला. तलावाजवळ उतरलो. दुकानं, स्कूटर, दोन्ही बाजूंनी वाकून आलेली जुनी घरं. डोळ्यावर काळं असलं की माणूस नाकानं चालतो. एका गल्लीतून लसूण-मिरचीच्या फोडणीचा वास आला आणि त्यात आंबट काहीतरी होतं. अंबाडी! मी वासाच्या मागं गेलो. टिनाची शेड, खाली पाच टेबलं, पाटी नाही, भाव लिहिलेला नाही. मागं अंगण, अंगणात नळ, नळाखाली दगड आणि बाजूला एक लाकडी फळी. चुलीसमोर एक बाई. साठीच्या पुढची, सडपातळ, पदर कमरेला खोचलेला. मला पाहून म्हणाली, "आव बबा, बइठव."

बबा म्हणजे आजोबा. मी तिच्यापेक्षा फार तर दहा-बारा वर्षांनी मोठा असेन, पण काळा चष्मा आणि पांढरी मिशी पाहून तिनं मला थेट आजोबा करून टाकलं. बसलो.

स्टीलच्या ताटात भाताचा ढीग आला. वाफ निघत होती. बाजूला दाळ, अंबाडीची भाजी (तिकडे तिला अमारी म्हणतात), वांग्यात टाकलेली कोहळ्याची वडी आणि पाट्यावर वाटलेली टमाट्याची चटणी. त्या चटणीत कोथिंबीर आणि हिरवी मिरची अशी होती की पहिल्या घासाला डोळ्यात पाणी आलं, ते पण ऑपरेशनच्या डोळ्यात. डॉक्टरनं पाहिलं असतं तर मारलं असतं. मी बोलत नाही जेवताना. पण दुसऱ्यांदा भात वाढायला ती आली तेव्हा राहवलं नाही.

"चावल कौन सा है?"

"दुबराज."

"अच्छा है," मी म्हटलं. "पर हमारे भंडारा का चिन्नोर खाओगे ना, तो इसको भूल जाओगे."

"तो खा के काबर आए हव इहाँ?" ती म्हणाली. मग इथे कशाला आलात, असं. आणि न विचारता अजून एक पळीभर भात टाकला. शेजारच्या टेबलावर फायलींची पिशवी घेतलेला एक माणूस होता, कोर्टात वकिलाकडे मुंशी, म्हणजे कारकून. तो हसला. मीही हसलो. खरं सांगतो, बायको गेल्यापासून जेवताना मी त्या दिवशी पहिल्यांदा हसलो असेन. ताट असं पुसून खाल्लं की एक शीत उरलं नाही.

पैसे दिले, काठी घेतली, निघालो. मागून आवाज आला.

"बबा, थारी ला नल मेर मढ़ा देव."

थारी म्हणजे ताट. नळाजवळ नेऊन ठेवा म्हणत होती. मी वळून पाहिलं. मुंशी आपलं ताट घेऊन नळाकडे चालला होता. एक मुलगी, कॉलेजातली असेल, ती धुतलेलं ताट फळीवर पालथं घालत होती. सगळेच उचलत होते, हे मी पाहिलं. माझ्या डोळ्यांनी पाहिलं. पण काही गोष्टी माणूस डोळ्यांनी पाहत नाही. माझ्या कानात जे शिरलं ते एवढंच: तुझं ताट तू उचल.

"हम नहीं उठाते," मी म्हणालो.

"काबर?"

"नहीं उठाते बस."

मुंशी मध्ये पडला. "दीदी, रहने दो. बाबूजी की आँख का ऑपरेशन हुआ है, झुक नहीं सकते होंगे."

निमित्त आयतं हातात आलं होतं. डॉक्टरनं खरंच वाकू नका म्हटलं होतं. पण मी ते घेतलं नाही. म्हटलं, "आँख का कुछ नहीं. आँख ठीक है हमारी." आणि निघून आलो. ताट टेबलावर तसंच राहिलं. 

आता काहून नाही उचलत ते सांगतो.

आम्ही बौद्ध. माझ्या बापानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली तेव्हा मी त्याच्या खांद्यावर होतो, एवढं आठवतं. त्यानंतर दोन-तीन वर्षांची गोष्ट असेल. आमच्या गावाच्या बाजाराच्या जागी एक चहाचं हॉटेल होतं. आत बाकं होती, बाहेर भिंतीला खिळे होते. खिळ्यांना कानाचे कप अडकवलेले. ते कप आमचे. खिळ्यावरून आपण काढायचा, हॉटेलवाला वरून चहा ओतायचा, उभ्यानं प्यायचा, धुवायचा आणि परत खिळ्याला लावायचा. दीक्षेनंतर बापानं आम्हाला बजावलं होतं, त्या कपाला हात लावायचा नाही. पण मी पोट्टा होतो. बाजाराच्या दिवशी भजे तळायचा वास आला, खिशात पैसे होते, गेलो. भजे खाल्ले, चहा प्यालो. कप धुतला. तर तो हॉटेलवाला वरून वाकून म्हणतो, "बुडाला चहा राहिला. नीट धू. परत धू." मी परत धुतला. आत बसलेले लोक बघत होते. माझ्याच शाळेतली दोन पोरं होती त्यात.

घरी बापाला कळलं. त्यानं मारलं नाही. मारलं असतं तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "धुतलास?" आणि बाहेर जाऊन बसला. त्या दिवशी मी ठरवलं की बाहेर कुठेही जेवीन, पाहिजे तर दुप्पट पैसे देईन, पण आपलं उष्टं भांडं आपण उचलणार नाही. शाळा पुढं तिसरीतच सुटली. हे मात्र सुटलं नाही.

संध्याकाळी पोराला सांगितलं. त्याला ही कपाची गोष्ट माहीत आहे. लहान होता तेव्हा ऐकून त्याचे डोळे लाल व्हायचे. आता तो म्हणाला, "बाबा, तिथं सगळेच उचलतात. कलेक्टर गेला तरी उचलेल."

"जाऊ दे कलेक्टरले. त्याच्या बापाले कोणी कप धुवायले लावला नव्हता."

"पण तुम्हाला वेगळं थोडीच सांगितलं तिनं? सबके लिए एकही रूल है."

"मले रूल नको शिकवू. मी रुळावरच म्हातारा झालो."

सून आतून हसली. पोरगाही हसला, पण मला दिसलं की त्याला माझी कीव येत होती. हट्टी माणसाला राग चालतो, कीव चालत नाही. मी जेवलो नाही, पोट भरलं आहे म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मुद्दाम जवळच्याच मोठ्या हॉटेलात गेलो. काचेचं दार, थंडीतही पंखा चालू. वेटर नम्र होता. सगळ्या भाज्या एका रंगाच्या, एका चवीच्या, वरून साय टाकलेली. आणि ताट? ते उचलायची एवढी घाई की माझ्या बोटांना भात लागलेला असतानाच ते गेलं. त्याच हातातल्या ओल्या फडक्यानं टेबल पुसलं, थोडं पाणी माझ्या मांडीवर उडालं. माझा मान राहिला. पण त्या मानावर मी दिवसभर ढेकर देत राहिलो, तेलाचे.

तिसऱ्या दिवशी बारा वाजता पाय आपोआप ई-रिक्षाकडे गेले. मनाशी म्हटलं, जेवण जेवायचं आणि ताट टेबलावर ठेवून यायचं. काय करेल? हाकलेल तर हाकलेल.

तिनं हाकललं नाही. मला पाहिलं, मान हलवली, "बइठव." मुंशी तिथेच होता, त्यानं नमस्कार केला. मी बसलो. लाल भाजीचा वास येत होता. तिनं कपाटावरून काहीतरी काढलं, पाण्यानं पुसलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

पत्रावळ होती. पानांची, काड्यांनी टाचलेली, नवी कोरी.

मी इकडेतिकडे पाहिलं. मुंशीसमोर स्टीलचं ताट. त्याच्या पलीकडच्या दोघांसमोर स्टीलचं ताट. सगळ्या शेडमध्ये पान एकट्या माझ्यासमोर. वाढायला ती भात घेऊन वाकली आणि मी पत्रावळीवर पालथा हात ठेवला.

"ये क्या है?"

"पत्तल," ती म्हणाली. हसतमुखानं म्हणाली. "खा के फेंक देना. तोरो झंझट नहीं, मोरो झंझट नहीं."

"सबको थाली, मुझको पत्तल?"

"अरे बबा, तुमन थारी उठावव नहीं कहथव, त..."

"सबको थाली और मुझको अलग पत्तल?" माझा आवाज चढला. शेडमधली सगळी बोटं ताटात थांबली. "तुमको किसने बताया मैं कौन हूँ? किसने बताया?"

ती घाबरली. भाताचं भांडं हातात तसंच. मुंशी उठून उभा राहिला. "बाबूजी, किसी ने कुछ नहीं बताया. दीदी ने तो आपके लिए सुबह खुद बाज़ार से मँगाया है. परसों आपकी थाली मैंने उठाई थी, इसीलिए..."

मी त्याला हातानं थांबवलं. आणि मग मी ते केलं जे मी कधी परक्यासमोर केलं नव्हतं. ती कपाची गोष्ट सांगितली. माझ्या मोडक्यातोडक्या नागपुरी हिंदीत, उभ्यानं, काठीवर दोन्ही हात ठेवून. खिळा सांगितला, कप सांगितला, बुडाला राहिलेला चहा सांगितला, शाळेतली दोन पोरं सांगितली. बापाचा तो एक शब्द मात्र सांगितला नाही. 

 चुलीवर दाळ उतू गेली, तिनं वळूनसुद्धा पाहिलं नाही. भाताचं भांडं टेबलावर ठेवलं, पत्रावळ उचलली, चुरगाळली आणि चुलीत घातली. मग फळीवरून एक ताट आणलं, पदरानं कोरडं केलं आणि माझ्यासमोर ठेवलं.

"मोर कप खिड़की मा रहय," ती म्हणाली.

मी तिच्याकडे पाहिलं.

"माझा कप खिडकीत असायचा," असं ती म्हणत होती. वीस वर्षं ती लोकांच्या घरची भांडी घासत फिरली. रोज पाच घरं. त्यातल्या तीन घरी तिचा चहाचा कप वेगळा होता, खिडकीच्या कडेवर, बाहेरच्या बाजूला. त्यात पाल मेलेली निघाली होती एकदा. हे सगळं तिनं भात वाढता वाढता सांगितलं, जसं कोणी भाजीचा भाव सांगतो. नवरा गेल्यावर ही शेड टाकली. ज्या दिवशी चूल पेटवली त्या दिवशी तिनं ठरवलं की रांधीन, वाढीन, पाहिजे तेवढं वाढीन, पण दुसऱ्याचं उष्टं आता या हातानं उचलणार नाही. खाणाऱ्यानं आपलं उचलावं, आपलं धुवावं. ज्याला नाही उचलायचं त्यानं येऊ नये.

"मंत्री आही तभो," ती म्हणाली. मंत्री आला तरी.

मी दाळभात कालवला. खाऊ लागलो. लाल भाजी लसणीत परतलेली होती. तेवढ्या गोंधळातही मला ती आवडली, हे सांगायला हवं.

जेवून झालं तेव्हा पुन्हा तोच प्रश्न टेबलावर येऊन बसला. मी ताटाकडे पाहिलं, तिनं ताटाकडे पाहिलं.

"मी नाही उचलणार," मी म्हटलं. मराठीतच निघालं तोंडातून.

तिला कळलं. "महूँ नइ उठावँव," ती म्हणाली. मीपण नाही.

"अच्छा!" मुंशीनं कपाळावर हात मारला. "मतलब आप दोनों की लड़ाई में मेरी नौकरी लग गई." आणि आपलं ताट खाली, माझं वर असं करून तो नळाकडे गेला. सगळे हसले. तीसुद्धा हसली, तोंडावर पदर धरून.

मग असंच चाललं. मी रोज बाराला जायचो. ती विचारायची, "कइसे हे आँखी?" मी सांगायचो आज भिंतीवरचं कॅलेंडर दिसलं, आज कॅलेंडरवरचा आकडा दिसला. एक दिवस तिनं कढी केली, सुरणाची. मी म्हटलं, घसा खाजेल. ती म्हणाली, "खजुवाही त मोला गारी देबे," खाजला तर मला शिव्या दे. खाजला नाही. शिवी वाया गेली. जेवण झालं की मुंशी माझं ताट घेऊन जायचा आणि जाताना रोज काहीतरी बोलायचा. "बाबूजी, पेंशन मेरे नाम कर दो." "बाबूजी, मेरी घरवाली को मत बताना, घर में तो मैं गिलास नहीं उठाता."

पोराला घरी येऊन सगळं सांगायचो. तो म्हणाला, "मग आता कोण जिंकलं?" मी म्हटलं, "मुंशी हरला." तो खूप हसला. त्याच्या डोळ्यात आता कीव नव्हती. पण त्यानं एक विचारलं, "आणि मुंशी आला नाही त्या दिवशी?"

ते मी विचारलंच नव्हतं.

शेवटच्या दिवशी मुंशी आला नाही. सुटी होती, कोर्ट बंद. शेडमध्ये मी एकटा. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मी गावी जाणार होतो, हे तिला सांगून ठेवलं होतं. तिनं चिला केला होता, तांदळाच्या पिठाचं धिरडं, आणि ती टमाट्याची चटणी. वर भात, दाळ होतीच. वाढून झाल्यावर ती चुलीमागं गेली नाही. एक ताट आपल्यालाही वाढून घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसली. एवढ्या दिवसांत मी तिला जेवताना पाहिलं नव्हतं. ती सगळ्यांच्या शेवटी, चुलीच्या आड जेवायची.

"आज कोनो नइ हे," ती म्हणाली. "बइठ के खाहूँ."

आम्ही जेवू लागलो. डोळा आता चांगला झाला होता. चष्मा काढून ठेवला होता मी. तेव्हा तिची बोटं पहिल्यांदा नीट दिसली. पेरापेराला भेगा होत्या. राखेनं, साबणानं वीस वर्षांत पडलेल्या, आता न भरणाऱ्या. चटणीत बोट बुडवलं की ती क्षणभर थांबायची, बोट झटकायची आणि मग घास घ्यायची. चटणी तिनंच वाटली होती. तिलाच झोंबत होती.

"घर मा कोन उठाथे तुँहर थारी?" तिनं विचारलं. घरी तुमचं ताट कोण उचलतं?

"अब हमहीच उठाते. घर में अकेले हैं."

"अउ पहिली?"

"पहले घरवाली थी."

ती भात कालवत होती. वर न पाहता म्हणाली, "ओखर ला कोन उठाय?"

तिचं कोण उचलायचं?

मी घास तोंडात धरून बसलो. आठवून पाहिलं. खरंच आठवून पाहिलं, कारण मला वाटलं एखादा दिवस तरी असेल. ती आजारी होती तेव्हा? तेव्हा सून आली होती. बाळंतपणात? तेव्हा माझी आई होती. अठ्ठेचाळीस वर्षं माझ्यानंतर ती जेवली, माझं ताट उचललं, आपलं उचललं, घासलं, मांडलं. मी हॉटेलातला माझा बाणा सांगायचो तेव्हा ती ऐकायची आणि मान डोलवायची. एकदाही म्हणाली नाही की अहो, आणि मी? तिनं म्हटलं असतं तर मी चिडलो असतो. घरचं वेगळं, म्हणालो असतो.

"कोई नहीं," मी म्हटलं.

तिला टोमणा मारायची संधी होती, मारला नाही. आपल्या ताटातला शेवटचा भात तिनं पुसून खाल्ला. माझंही झालं होतं. दोन ताटं टेबलावर समोरासमोर होती आणि शेडमध्ये तिसरं कोणी नव्हतं. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, मुंशी येतो का असं, आणि हसली.

मी उठलो. माझं ताट उचलणार नाही असं मी ठरवलं होतं. तिचं उचलणार नाही असं कधी ठरवलं नव्हतं. मी तिचं ताट उचललं.

"ए बबा! का करथस?"

मी ऐकलं नाही. काठी टेबलाला टेकवून ठेवली आणि अंगणात गेलो. नळाखालचा दगड ओला होता, जपून पाय ठेवला. डॉक्टरनं वाकू नका सांगितलं होतं, म्हणून गुडघ्यात बसलो. ते जास्त अवघड होतं. नळ सोडला. पाणी थंड होतं. ताटावर तिच्या चार बोटांच्या रेघा होत्या, भाताच्या. हातानं चोळल्या. असं भांडं उघड्यावर, दुसऱ्याच्या दारात धुतलं त्याला किती वर्षं झाली, ते मी मोजलं नाही. पाणी हातावरून जात होतं आणि मला बापाची आठवण येईल असं वाटलं होतं. आली ती बायकोची. तिचं ताट पितळेचं होतं, काठाला एक पोचा पडलेला. तो पोचा कशानं पडला ते मला माहीत नाही. कधी विचारलं नाही.

ताट झटकलं आणि फळीवर पालथं घालायला हात वर केला, तर वरून तिचा हात आला. ती मागे येऊन उभी होती. तिनं माझ्या हातातलं ताट घेतलं, उजेडाकडे तिरपं केलं आणि निरखून पाहिलं.

"किनारी मा दार लगे हे," ती म्हणाली. "बने धो."

काठाला दाळ राहिली आहे. नीट धू.

मी मान वर करून पाहिलं. तिच्या दुसऱ्या हातात माझं ताट होतं. टेबलावरून तिनं ते स्वतः उचलून आणलं होतं, त्या भेगांच्या बोटांनी, आणि ते तसंच धरून ती उभी होती.

"का देखत हस?" ती म्हणाली. "धो."

दाळ खरंच राहिली होती. मला दिसली नव्हती. दगडाशी राखेचा डबा होता. मी तिच्या हातून ताट घेतलं, चिमूटभर राख लावली आणि काठ परत घासला.